व्हॅक्यूम क्लीनर नीट काम करत नसेल तर: नवख्यांसाठी तपासणीचा क्रम

व्हॅक्यूम क्लीनर कचरा ओढेनासा झाला की बहुतेकांचा पहिला संशय मोटरवर जातो. मोटर महाग असते, आत दडलेली असते आणि आवाजही तीच करते, त्यामुळे दोष तिचाच असणार असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात घरगुती यंत्रांच्या बहुतांश तक्रारींत मोटर ठणठणीत असते आणि अडचण हवेच्या वाटेत असते. कुठेतरी ती वाट तुंबलेली असते, नाहीतर कुठेतरी फुटलेली असते. हे एकदा लक्षात घेतले की यंत्र उघडण्याआधीच, केवळ तळहात आणि कान यांच्या मदतीने, दोष कोणत्या टप्प्यावर आहे ते बऱ्यापैकी खात्रीने सांगता येते. पुढे दिलेला क्रम त्याच वाटेने जातो.

हवेची वाट आधी डोळ्यांसमोर आणावी. मोटरच्या दांड्यावर बसवलेला पंखा हवा मागे फेकत असतो. वायरवर चालणाऱ्या साध्या यंत्रात तो मिनिटाला साधारण २० ते ४० हजार फेरे घेतो. त्यामुळे पंख्याच्या पुढच्या भागात दाब कमी होतो आणि ती तूट भरून काढण्यासाठी बाहेरची हवा आत घुसताना वाटेतली धूळ सोबत आणते. ही हवा प्रथम जमिनीवर फिरणाऱ्या हेडमधून आत शिरते, मग ताठ दांडी, मूठ आणि लवचीक पाइप यांतून पिशवीत किंवा डब्यात येते, तेथे धूळ टाकते, मोटरच्या आधीच्या फिल्टरमधून गाळून निघते, पंख्यातून व मोटरवरून जाते आणि शेवटच्या फिल्टरमधून खोलीत परत येते. तोंड पूर्ण बंद केले तरी आतली दाबाची तूट सहसा २० किलोपास्कलच्या आसपास असते, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा जेमतेम पाचवा हिस्सा. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर सगळा कारभार चालत असल्यामुळे फिल्टरवरचा धुळीचा पातळ थर किंवा पाइपला पडलेली बोटभर चीरसुद्धा लगेच जाणवते.

यंत्रावर छापलेल्या वॅटच्या आकड्यावरूनही अनेकांचा गैरसमज होतो. तो आकडा यंत्र किती वीज खाते ते सांगतो, किती ओढते ते नव्हे. युरोपीय संघाने घरगुती व्हॅक्यूम क्लीनरवर २०१४ साली १६०० वॅटची आणि २०१७ साली ९०० वॅटची कमाल मर्यादा घातली, आणि उत्पादकांनी हेड, पंखा व हवेच्या वाटेची रचना सुधारून त्या मर्यादेत काम भागवले. म्हणून आपले यंत्र कमी ओढू लागले असेल तर अधिक वॅटचे नवे यंत्र घेण्यापूर्वी जुन्याची वाट मोकळी आहे ना, ते पाहणे शहाणपणाचे ठरते.

सुरुवात करण्यापूर्वी

कोणताही भाग काढण्यापूर्वी प्लग सॉकेटमधून बाहेर काढावा. केवळ स्विच बंद करणे पुरेसे नाही. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राची बॅटरी निघत असेल तर ती काढून बाजूला ठेवावी, कारण ब्रशमध्ये बोटे असताना चुकून बटण दाबले गेले तर इजा होते. पुढील काही चाचण्यांत यंत्र चालू ठेवून तळहात लावायचा आहे. त्या वेळी मोकळे केस, ओढणी, सैल बाह्या दूर ठेवाव्यात आणि पाइपचे तोंड डोळा, कान किंवा चेहऱ्याजवळ कधीही नेऊ नये. यंत्रासोबत आलेले माहितीपत्रक हाताशी असल्यास उत्तम, कारण कोणता फिल्टर धुवायचा आणि कोणता नाही हे त्यातच स्पष्ट लिहिलेले असते.

प्रथम आवाज ऐकावा

ओढ कमी झाल्याची तक्रार असेल तर यंत्र चालू करून आवाजाची पट्टी नेहमीपेक्षा चढली आहे, तशीच आहे की उतरली आहे, याकडे लक्ष द्यावे. नवख्याला वाटते की वाट तुंबली की मोटरला जास्त जोर लावावा लागत असेल आणि ती मंदावत असेल. घडते नेमके उलट. हवा येईनाशी झाली की पंख्याला ढकलण्यासाठी काही उरत नाही, त्याच्यावरचा भार हलका होतो, मोटर अधिक वेगाने फिरते आणि आवाज बारीक, चढा होतो. चालू यंत्राच्या पाइपचे तोंड तळहाताने क्षणभर झाकल्यास हा फरक स्वतःच ऐकता येतो, आणि नव्याने शिकणाऱ्याने तो एकदा मुद्दाम ऐकून ठेवावाच.

यावरून तीन निष्कर्ष निघतात. ओढ कमी आणि आवाज चढा असेल तर वाटेत कुठेतरी बोळा बसला आहे, पिशवी भरली आहे किंवा फिल्टर तुंबला आहे. ओढ कमी पण आवाज नेहमीसारखाच असेल तर मोटरला हवा भरपूर मिळते आहे, फक्त ती हेडमधून न येता मधल्याच एखाद्या फटीतून येते आहे. ओढही कमी आणि आवाजही जड, ओढल्यासारखा असेल तर मात्र मोटर, तिचे बेअरिंग किंवा वीजपुरवठा यांच्याकडे पाहावे लागते. बॅटरीच्या यंत्रात बॅटरी उतरली असण्याची शक्यता आधी विचारात घ्यावी.

तळहाताची चाचणी

आता हवेची वाट एकेका टप्प्यावर तोडत जायचे. प्रत्येक वेळी यंत्र बंद करावे, एक भाग काढावा, पुन्हा चालू करावे आणि मोकळ्या तोंडावर तळहात ठेवून ओढ पाहावी.

पहिल्याने हेड काढून दांडीच्या तोंडाशी ओढ पाहावी. येथे हात घट्ट खेचला जात असेल तर दोष हेडमध्येच आहे आणि पुढचे काही तपासण्याची गरज नाही. ओढ कमीच असेल तर दांडी काढून मुठीच्या तोंडाशी तीच चाचणी करावी. त्यानंतर लवचीक पाइप यंत्रापासून वेगळा करून यंत्राच्या मुख्य छिद्रावर तळहात ठेवावा. येथे जोरदार ओढ असेल आणि पाइप लावल्यावर ती नाहीशी होत असेल तर पाइप तुंबला किंवा फुटला आहे. येथेही ओढ नसेल तर पिशवी, डबा आणि फिल्टर यांची पाळी येते. एवढ्या तीन-चार पायऱ्यांत शोधाचे क्षेत्र सगळ्या यंत्रावरून एका भागापुरते आकसते.

उभ्या प्रकारच्या यंत्रांत हेड आणि डबा यांना जोडणारी एक आखूड नळी मागच्या बाजूला, बिजागरीजवळ असते आणि ती सहज दिसत नाही. हातातल्या पाइपला उत्तम ओढ, पण जमिनीवर मात्र काहीच नाही, अशी तक्रार असेल तर याच नळीत बोळा असण्याची शक्यता मोठी असते.

या सगळ्याआधी एक क्षुल्लक गोष्ट पाहून घ्यावी. बहुतेक यंत्रांच्या मुठीवर एक छोटी सरकती खिडकी असते. पडदे किंवा पातळ गालिचे साफ करताना हेड कापडाला चिकटून बसू नये म्हणून ती उघडायची असते, आणि एकदा उघडली की बंद करायचे राहून जाते. ती उघडी असली की निम्मी हवा तेथूनच आत जाते. याची उलट बाजूही ध्यानात ठेवावी: गालिच्यावर हेड ढकलणेच अशक्य होत असेल तर तो बिघाड नाही, खिडकी थोडी उघडावी किंवा हेडची उंची वाढवावी.

पाइपमधला बोळा आणि पाइपची चीर

पाइप एकाएकी तुंबत नाही. आधी पेनाचे टोपण, केसांची पिन, दातकोरणे किंवा आइस्क्रीमची काडी अशी एखादी लांबट वस्तू वळणावर आडवी अडकते. मग तिच्यावर केस अडकतात, केसांवर कापसाचे तंतू आणि तंतूंवर धूळ, असा थर चढत जाऊन शेवटी नमद्यासारखा घट्ट बोळा तयार होतो. त्यामुळे शोध सरळ भागात घेण्याऐवजी वळणांवर घ्यावा. मुठीचे वाकण, हेडची मान आणि पाइप यंत्राला जोडतो तो सांधा या तीन जागा सर्वांत आधी पाहाव्यात.

पाइप दोन्ही बाजूंनी मोकळा करून एका टोकातून छोटी गोटी सोडावी आणि पाइप हळूहळू तिरपा करत जावा. गोटी दुसऱ्या टोकातून बाहेर आली तर वाट मोकळी आहे. अडली तर तिचा आवाज जेथे थांबला तेथे बोळा आहे. बोळा काढताना तो ज्या टोकाकडून आत आला त्याच टोकाकडे परत बाहेर ढकलावा, पुढे रेटू नये, कारण पुढे तो अधिकच घट्ट बसतो. यासाठी केरसुणीचा किंवा झाडूचा गुळगुळीत, बोथट टोकाचा दांडा चांगला. टोकदार तारेने बोळा लवकर निघतो हे खरे, पण पाइपच्या पातळ प्लॅस्टिकला भोक पडण्याची भीती असते, म्हणून तार वापरायचीच झाली तर तिचे टोक वळवून गोल करावे. ज्या यंत्रांना हवा बाहेर फेकण्याच्या बाजूला पाइप जोडण्याची सोय आहे, त्यांत पाइप तेथे लावून बोळा फुंकून काढता येतो. अर्थात हे घराबाहेर आणि पाइपचे तोंड एखाद्या पिशवीत धरून करावे.

चिरा बहुधा पाइपच्या दोन टोकांशी पडतात, कारण सगळा मुरडा तेथेच बसतो. यंत्र चालू ठेवून पाइपच्या लांबीवरून ओला हात फिरवल्यास फटीतून आत जाणारी हवा गार लागते, आणि पाइप वाकवला की बारीक शिटीही ऐकू येते. चिकटपट्टीने चीर झाकणे ही तात्पुरती सोय आहे. चीर अगदी टोकाशी असेल आणि पाइपमध्ये विजेच्या तारा नसतील, तर फाटलेला तुकडा कापून उरलेला पाइप पुन्हा टोपणात पिळून बसवता येतो. पाइपमधून हेडच्या मोटरला वीज जात असेल तर मात्र त्याला कात्री लावू नये, तो पाइप बदलूनच घ्यावा.

पिशवी, डबा आणि फिल्टर

सर्वाधिक तक्रारींचे मूळ येथे असते, म्हणून येथे घाई करू नये.

पिशवी अर्धीच भरलेली दिसते, तरी ओढ नाही, हा अनुभव अनेकांना येतो आणि ते पिशवी निर्दोष ठरवून पुढे जातात. पिशवी हे नुसते भांडे नसून फिल्टरही आहे. हवा तिच्या भिंतीतल्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेर पडते. भिंतीच्या प्लॅस्टरची धूळ, पीठ, टाल्कम पावडर किंवा गालिच्यावर भुरभुरायची सुगंधी पावडर यांसारखी अतिबारीक भुकटी ओढली गेली तर मूठभर भुकटीनेही ती छिद्रे बंद होतात. अशा वेळी पिशवी किती भरली आहे हे न पाहता ती बदलावी. एकदाच वापरायची कागदी पिशवी झटकून पुन्हा बसवण्यात काटकसर वाटते, पण छिद्रे बंदच राहतात आणि सांध्यातून फाटून सगळी धूळ मोटरकडे जाण्याचा धोका वाढतो. कापडी पिशवी झटकून वापरता येते. ती घराबाहेर उलटी करून झटकावी. नवी पिशवी बसवल्यानंतरही ओढ येत नसेल तर तिचा एखादा कोपरा घडी होऊन तोंडाशी अडकला आहे का, तेही पाहावे.

‘पिशवी भरली’ असे सांगणारा लाल दिवा किंवा लाल पट्टी पिशवीतला कचरा मोजत नाही. ती फक्त आतल्या दाबाचा फरक ओळखते. त्यामुळे पाइपमध्ये मोजा अडकला असला किंवा फिल्टर तुंबला असला तरीही ती लाल होते. हेड जमिनीवरून उचलून, पूर्ण वेगावर यंत्र चालवल्यावरही खूण लाल राहत असेल तरच ती खरी मानावी, आणि नवी पिशवी घातल्यावरही ती लाल राहिली तर शोध इतरत्र घ्यावा.

डबा असलेल्या यंत्रात ‘कमाल’ या रेषेपर्यंत धूळ येण्याआधीच डबा रिकामा करावा. या रचनेत हवा गोल गोल फिरते आणि जड कण कडेला फेकले जाऊन खाली पडतात; डबा काठोकाठ भरला की तो भोवरा मोडतो आणि धूळ थेट फिल्टरवर जाते. डब्याच्या मधोमध बारीक छिद्रांची एक जाळी असते. डबा नियमित रिकामा करणारी माणसेही ती जाळी विसरतात. तिच्यावर केस आणि तंतू यांचे आवरण चढलेले असते; जुन्या, कोरड्या टूथब्रशने ते खरवडून काढावे.

फिल्टर दोन ठिकाणी असतात. मोटरच्या आधीचा फिल्टर मोटरला धुळीपासून वाचवतो. तो बहुधा फोमचा किंवा जाड कापडाचा असतो आणि अनेक यंत्रांत धुता येतो. बाहेर पडणाऱ्या हवेवरचा फिल्टर खोलीतल्या माणसांसाठी असतो. तो हेपा प्रकारचा असेल तर अमेरिकी मानकानुसार ०.३ मायक्रॉन आकाराचे किमान ९९.९७ टक्के कण त्याने अडवणे अपेक्षित असते. हेपा फिल्टर ‘धुता येतो’ असे स्पष्ट लिहिलेले नसेल तर तो पाण्याखाली धरू नये, कारण त्याच्या घड्यांतले तंतू ओले झाल्यावर विस्कटतात आणि वरून तो स्वच्छ दिसला तरी गाळण्याचे काम करत नाही. ब्रशने घासणे किंवा जोरात हवा मारणे हेही तेवढेच घातक आहे. असा फिल्टर मुदत संपल्यावर बदलणे हाच उपाय आहे. हा मागचा फिल्टर तुंबला तरी ओढ कमी होते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

धुण्याजोगा फिल्टर थंड पाण्याच्या हलक्या धारेखाली, धुळीच्या बाजूच्या उलट बाजूने पाणी सोडून धुवावा. उत्पादकाने सांगितले नसेल तर साबण लावू नये. पाणी स्वच्छ येऊ लागले की फिल्टर हलकेच दाबून पाणी काढावे, पिळू नये. नंतर तो किमान २४ तास मोकळ्या हवेत वाळू द्यावा. दमट हवेत याहून अधिक वेळ लागतो. हीटरवर किंवा केस वाळवण्याच्या यंत्रासमोर धरल्यास फोम आक्रसतो आणि चौकटीत सैल बसतो. ओलसर फिल्टर बसवून यंत्र चालवणे ही या सगळ्यातली सर्वांत महागडी घाई आहे: धूळ ओल्या तंतूंवर चिखलासारखी बसते, कुबट वास सुटतो आणि ओलावा मोटरपर्यंत पोहोचतो. वाट पाहण्याचा कंटाळा असेल तर फिल्टरची दुसरी जोडी घेऊन ठेवावी, पण फिल्टरशिवाय यंत्र एकदाही चालवू नये.

डब्याच्या आणि झाकणाच्या कडेला असलेली रबरी पट्टी पुसून घेण्यास विसरू नये. तिच्यावर एखादी काडी बसली तरी झाकण नीट लागत नाही, फट राहते, आणि बाहेर येणाऱ्या हवेबरोबर धूळ खोलीत पसरू लागते. धूळ बाहेर येत असल्यास फाटलेली पिशवी, उलटा किंवा सैल बसवलेला फिल्टर आणि ही पट्टी, याच क्रमाने तपासावे.

फिरता ब्रश आणि बेल्ट

गालिच्यासाठी असलेल्या हेडमध्ये आडवा दंडगोलाकार ब्रश फिरत असतो. हेड उलटे करून पाहिले की त्याच्याभोवती गुंडाळलेले केस आणि दोरे दिसतात. ब्रशवर सहसा लांबीच्या दिशेने एक खाच दिलेली असते. त्या खाचेतून कात्रीचे एक पाते किंवा शिवण उसवण्याचे हत्यार सरकवत न्यावे म्हणजे गुंडाळी एका रेषेत कापली जाते आणि ब्रशचे केस शाबूत राहतात. कापलेले तुकडे बोटांनी किंवा चिमट्याने उपटून काढावेत.

बहुतेक जण येथेच थांबतात, आणि ब्रश पुन्हा अडतो. खरी गाठ ब्रशच्या दोन टोकांना असते. टोकाची टोपी काढली की आत, बेअरिंग आणि टोपी यांच्या मधल्या अरुंद जागेत, केसांचे काळपट, घट्ट कडे बसलेले आढळते. ते इतके दाबलेले असते की पहिल्या नजरेत यंत्राचाच एखादा रबरी भाग वाटते. नखाने खरवडले की त्याचे पापुद्रे सुटतात. हे कडे काढल्यावर ब्रश हाताने फिरवून पाहावा: तो विनासायास, न खरखरता फिरला पाहिजे. अडखळत असेल किंवा दांडा डुगडुगत असेल तर बेअरिंग गेले आहे. प्लॅस्टिक वितळल्याच्या खुणा दिसत असतील तर ब्रश टोकांसह बदलावा.

ब्रश मोकळा आहे, पण यंत्र चालू केल्यावर फिरत नाही, असे असेल तर तो कशाने फिरतो ते पाहावे. काही हेडमध्ये तो हवेच्या झोतावर, छोट्या चक्रीने फिरतो. असा ब्रश थांबणे हे बहुधा ओढ कमी झाल्याचे लक्षण असते आणि वर सांगितलेल्या तपासण्या केल्याशिवाय हेडला दोष देऊ नये. काही हेडमध्ये स्वतंत्र मोटर असते. तेथे आधी गालिचा आणि फरशी यांमधला निवडीचा स्विच पाहावा, मग दांडीच्या सांध्यातल्या धातूच्या पिना कोरड्या कापडाने पुसाव्यात, आणि हेडवर लहानसे ‘रीसेट’ बटण असल्यास यंत्र थंड झाल्यावर ते दाबावे. उरलेल्या हेडमध्ये रबरी बेल्ट असतो. सपाट रबरी बेल्ट वापराने ताणला जातो आणि तुटला नसला तरी घसरू लागतो. तळाचे आवरण काढल्यावर त्यावर चकाकणारे गुळगुळीत पट्टे, तडे किंवा वितळल्याचे डाग दिसले तर तो बदलावा. नवा बेल्ट त्याच मॉडेलचा घ्यावा. थोडा सैल घसरतो आणि थोडा घट्ट असला तर बेअरिंगवर ताण येतो. बसवल्यावर ब्रश हाताने दोन-तीन फेरे फिरवून बेल्ट मधोमध चालतो ना, याची खात्री करावी.

यंत्र सुरूच होत नाही, किंवा मध्येच बंद पडते

सुरूच न होणाऱ्या यंत्रासाठी त्याच सॉकेटवर दुसरे उपकरण लावून पाहावे. एक्स्टेन्शन बोर्ड असेल तर तो वगळून थेट भिंतीच्या सॉकेटला प्लग लावावा. प्लगमध्ये फ्यूज असेल तर तो पाहावा. काही यंत्रे पिशवी बसवलेली नसेल किंवा डबा पूर्ण आत गेला नसेल तर सुरूच होत नाहीत किंवा त्यांचे झाकण लागत नाही. हा दोष नसून मुद्दाम केलेली सोय आहे. वायर प्लगजवळ किंवा यंत्रात शिरते तेथे हलवल्यावर यंत्र क्षणभर चालू होत असेल तर वायर आतून तुटलेली आहे. तेव्हा हलवत बसू नये, यंत्र त्याच क्षणी बंद करावे. चिकटपट्टी हा वायरवरचा इलाज नव्हे.

आपोआप गुंडाळल्या जाणाऱ्या वायरवर पिवळी आणि लाल अशा दोन खुणा असतात. पिवळी खूण दिसेपर्यंत वायर बाहेर काढणे योग्य आणि लाल खूण दिसताच ओढणे थांबवावे, कारण त्यापुढे ओढल्यास आतली जोडणी उखडते. वायर अर्धवटच आत जात असेल तर ती पुन्हा बाहेर काढून पीळ सोडवावा आणि हाताने दिशा देत आत सोडावी.

दहा-पंधरा मिनिटे चालून यंत्र अचानक बंद पडले आणि स्पर्शाला गरम लागले, तर उष्णतेपासून वाचवणारा आतला स्विच उघडला आहे. कोरड्या कचऱ्याच्या बहुसंख्य घरगुती यंत्रांत मोटर थंड ठेवण्याचे काम ओढलेली हवाच करते. वाट तुंबली की मोटर वेगाने फिरते, पण तिच्यावरून जाणारी हवा मात्र थांबते. प्लग काढून यंत्र अर्धा ते एक तास थंड होऊ द्यावे. मधल्या वेळात पिशवी, फिल्टर आणि पाइप तपासावेत, कारण मूळ दोष दूर न करता पुन्हा चालू केल्यास ते पुन्हा बंद पडेल आणि दर वेळी मोटरचे आयुष्य कमी होईल.

वासांचे अर्थ वेगवेगळे असतात. जळक्या रबराचा वास बेल्टचा असतो, ब्रश अडला आहे असे समजावे. कुबट वास ओल्या फिल्टरचा किंवा जुन्या पिशवीचा असतो. गरम वार्निशसारखा तिखट वास किंवा धूर मात्र मोटरच्या गुंडाळीचा असतो. प्लग काढावा आणि पुन्हा लावू नये. मोटरच्या जाळीतून निळसर बारीक ठिणग्या दिसणे वायरच्या यंत्रांत स्वाभाविक आहे, कारण तेथे कार्बन ब्रश फिरत्या तांब्याला घासत असतात. ठिणग्यांचे कडेच दिसू लागले आणि यंत्र अडखळत चालू लागले तर ते ब्रश झिजले आहेत. कोरड्या हवेत मुठीला हात लावल्यावर बसणारा बारीकसा झटका बहुधा घर्षणाच्या स्थिर विजेचा असतो. झटका सतत जाणवत राहिला किंवा मुंग्या आल्यासारखे वाटले तर यंत्र वापरणे थांबवावे.

बॅटरीची, ओल्या कचऱ्याची आणि स्वयंचलित यंत्रे

बॅटरीच्या यंत्राचा आवाज धडधडत कमी-जास्त होत असेल, म्हणजे क्षणभर चालून क्षणभर थांबत असेल, तर पुष्कळदा तो अडलेल्या वाटेचा किंवा तुंबलेल्या फिल्टरचा इशारा असतो, बॅटरीचा नव्हे. चालण्याचा वेळ घटल्याची तक्रार असेल तर यंत्र कमाल वेगावर ठेवलेले नाही ना, हे पाहावे. त्या वेगावर पुष्कळशी यंत्रे जेमतेम दहा मिनिटे चालतात. गरम बॅटरी थंड झाल्यावरच चार्जिंगला लावावी आणि जोडणीच्या पट्ट्या कोरड्या कापडाने पुसाव्यात. बॅटरी फुगली असेल तर ती वापरू नये, चार्ज करू नये आणि घरच्या कचऱ्यात टाकू नये.

ओला-सुका अशा दोन्ही कामांच्या यंत्रात पाणी ओढण्यापूर्वी कागदी पिशवी व कागदी फिल्टर काढायचे असतात. पाणी ओढता ओढता आवाज एकदम चढला आणि ओढ थांबली तर टाकी भरून आतला तरंगता गोळा वर आला आहे. यंत्र बंद करून टाकी रिकामी करावी. साबणाचा फेस त्या गोळ्याला न उचलता मोटरपर्यंत जातो, म्हणून फेसाळ पाणी ओढणे टाळावे. केवळ कोरड्या कचऱ्याच्या यंत्राने पाण्याचा थेंबही ओढू नये. गरम राख कोणत्याही साध्या यंत्राने ओढू नये.

स्वयं फिरणारा रोबो मागेच सरकत असेल किंवा जागीच गोल फिरत असेल तर त्याच्या पोटाखालच्या, पायऱ्या ओळखणाऱ्या सेन्सरच्या काचा पुसाव्यात आणि चाकांच्या आसांवरचे केस काढावेत. गडद काळ्या गालिच्यावर काही रोबो थबकतात, कारण तेथून प्रकाश परत न आल्याने त्यांना पुढे खड्डा आहे असे वाटते.

मेकॅनिककडे कधी जावे

वाट मोकळी असूनही आवाज जड आहे, बेअरिंग किंचाळल्यासारखे वाजते, गुंडाळी जळाल्याचा वास येतो, वायर आतून तुटली आहे किंवा यंत्र लावताच घरातला सर्किट ब्रेकर वारंवार पडतो, अशा स्थितीत मोटरचे आवरण घरी उघडू नये. हमीची मुदत शिल्लक असेल तर उघडलेल्या यंत्राची हमी नाकारली जाण्याचीही शक्यता असते. यंत्र देताना मॉडेलचा क्रमांक, आवाज चढा की उतरलेला, यंत्राच्या मुख्य छिद्राशी ओढ होती की नव्हती, बंद पडण्याआधी किती वेळ चालले आणि त्याआधी काही ओले किंवा बारीक भुकटी ओढली होती का, एवढे लिहून द्यावे. कार्बन ब्रश, बेल्ट किंवा स्विच बदलून भागत असेल तर दुरुस्ती करून घ्यावी. मोटरच बदलावी लागणार असेल तर तिचा खर्च आणि नव्या यंत्राची किंमत यांची तुलना करून मगच होकार द्यावा.